स्क्रॅपबुकसाठी जपलेला जुना फायरफॉक्स

२०१७ सालच्या उत्तरार्धात फायरफॉक्स या ब्राउझरमधील एक्स्टेन्शनांच्या, म्हणजे ब्राउझरला जादा सोयी जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांच्या, यादीत काही नावांपुढे पिवळ्या रंगाची एक छोटी पट्टी दिसू लागली. तिच्यावर ‘लेगसी’, म्हणजे जुन्या पद्धतीचे, एवढाच शब्द होता. माझ्याकडच्या चौदा एक्स्टेन्शनांपैकी अकरांना ती लागली होती. तिचा अर्थ मला ठाऊक नव्हता असे मी म्हणू शकत नाही, कारण जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शने बंद करण्याचा मनोदय फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने ऑगस्ट २०१५ मध्येच जाहीर केला होता आणि तो मी त्या वेळी वाचलाही होता. पण दोन वर्षे काहीच घडले नाही, की अशा गोष्टी कानाआड होतात. मी यादी बंद केली आणि कामाला लागलो. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी फायरफॉक्स ५७ आला. माझ्या संगणकावर आपोआप अपडेट होण्याची सोय चालू होती. दोन दिवसांनी सकाळी ब्राउझर उघडला, तेव्हा डाव्या बाजूची, पाने साठवणाऱ्या स्क्रॅपबुक या एक्स्टेन्शनची पट्टी तिथे नव्हती.

गेलेल्या इतर दहा एक्स्टेन्शनांविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. टॅब मिक्स प्लसमुळे टॅबच्या तीन ओळी लावता येत, क्लासिक थीम रिस्टोररमुळे ब्राउझरचा चेहरा मला सवयीचा राही आणि डाउनदेमऑलमुळे एखाद्या पानावरच्या सगळ्या फाइल्स एकदम उतरवता येत. ती गेल्याने हाताला चुकल्यासारखे झाले, पण आठ-पंधरा दिवसांत मी त्यांच्यावाचून काम करू लागलो. स्क्रॅपबुकची गोष्ट वेगळी होती. माझे काम भाषांतराचे आणि संपादनाचे. संदर्भासाठी लागलेले प्रत्येक पान मी २००७ सालापासून स्क्रॅपबुकमध्ये साठवत आलो होतो. नुसता पत्ता नव्हे, तर चित्रे आणि मांडणीसकट संपूर्ण पान संगणकावर उतरत असे. त्यातल्या ओळी रंगवता येत, समासात टीप चिकटवता येई, जाहिरातींचे तुकडे खोडता येत आणि सगळ्या साठ्यात एकदम शोध घेता येई. असा चार हजारांहून अधिक नोंदींचा संग्रह त्या दिवशी माझ्याकडे होता.

यादीच्या पानावर आता ‘लेगसी एक्स्टेन्शन्स’ नावाचा एक वेगळा कप्पा तयार झाला होता. त्यात ती अकरा नावे फिकट रंगात उभी होती आणि प्रत्येकापुढे पर्याय शोधून देणारे एक बटण होते. स्क्रॅपबुकपुढचे बटण मी दाबून पाहिले. पान साठवणारी काही एक्स्टेन्शने सापडली, पण जुना संग्रह वाचणारे त्यांत एकही नव्हते.

आधी संग्रह शाबूत आहे का, हे पाहणे भाग होते. स्क्रॅपबुक आपला सगळा साठा फायरफॉक्सच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे आपली सेटिंग्ज, बुकमार्क आणि एक्स्टेन्शने जिथे राहतात त्या फोल्डरमध्ये, किंवा आपण नेमून दिलेल्या फोल्डरमध्ये ठेवत असे. त्यात ‘डेटा’ नावाचा एक फोल्डर, आणि त्याच्या पोटात प्रत्येक पानासाठी चौदा आकडी नावाचा आणखी एक. हे आकडे म्हणजे पान साठवल्याचे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद. मी २००७०३ने सुरू होणारा एक फोल्डर उघडला आणि त्यातल्या ‘इंडेक्स’ नावाच्या फाइलवर टिचकी मारली. पान नव्या फायरफॉक्समध्ये निमूटपणे उघडले, मी रंगवलेल्या दोन पिवळ्या ओळींसकट. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. पाने साध्या एचटीएमएल स्वरूपात होती आणि ती कुठल्याही ब्राउझरला वाचता येत होती. नाहीसे झाले होते ते त्यांना बांधून ठेवणारे सूत्र. कोणते पान कोणत्या विषयाखाली, त्याचे शीर्षक काय, मूळ पत्ता कोणता, ही सारी माहिती आरडीएफ स्वरूपातल्या एकाच फाइलमध्ये होती आणि ती वाचून विषयांची उतरंड मांडणारे एक्स्टेन्शन बंद झाले होते. ग्रंथालयाचा तालिकापट जावा आणि पुस्तके मांडणीवर तशीच राहावीत, तसे काहीसे झाले होते.

हा बदल का झाला, हे इथे सांगितले पाहिजे, कारण माझा पहिला राग ओसरल्यावर मलाही तो पटला. जुनी एक्स्टेन्शने झूल आणि एक्सपीकॉम या फायरफॉक्सच्या अंतर्गत यंत्रणांवर उभी होती. झूल या नावाचा मराठी अर्थ इथे योगायोगाने चपखल बसतो, कारण ब्राउझरचा मेनू, बटणे, पट्ट्या असा सगळा बाहेरचा साज तिच्यातच लिहिलेला असे आणि एक्स्टेन्शनला तो हवा तसा उसवून पुन्हा शिवता येई. एक्सपीकॉममुळे तर त्याला ब्राउझरच्या आतड्यांपर्यंत आणि तिथून संगणकावरच्या फाइल्सपर्यंत मोकळी वाट मिळे. स्क्रॅपबुकला थेट डिस्कवर लिहिता येत होते, ते याच बळावर. पण याचा अर्थ असाही होता, की ब्राउझरच्या आत काहीही हलवले तरी कोणाचे तरी एक्स्टेन्शन मोडत असे आणि एखाद्या खोडसाळ एक्स्टेन्शनला अडवण्याचा खात्रीचा मार्ग नसे. ऑगस्ट २०१६ मधल्या ४८व्या आवृत्तीपासून फायरफॉक्सने पाने आणि स्वतःचा चेहरा वेगवेगळ्या प्रक्रियांमध्ये चालवायला सुरुवात केली, आणि सगळे एकाच प्रक्रियेत आहे असे गृहीत धरून लिहिलेली एक्स्टेन्शने तिथेच अडखळू लागली. ५७व्या आवृत्तीत रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेले नवे सीएसएस इंजिन, म्हणजे पानांचे रूप ठरवणारा भागही आला. तिच्यात फक्त वेबएक्स्टेन्शन पद्धतीला, म्हणजे ठरवून दिलेल्या दारांतूनच आत-बाहेर करणाऱ्या एक्स्टेन्शनांना, परवानगी उरली. नवा ब्राउझर खरोखरच वेगवान होता. हे मान्य करायला मला महिना लागला, ही गोष्ट वेगळी.

त्या पहिल्या दिवशी मात्र हा विचार करण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो आणि घाईत मी या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक केली. फायरफॉक्सची ५२वी विस्तारित आधाराची आवृत्ती, म्हणजे ईएसआर, जुनी एक्स्टेन्शने अजून चालवते, असे कळल्यावर मी ती उतरवून घेतली आणि तेच प्रोफाइल तिच्या हवाली केले. ५५ किंवा त्यापुढच्या आवृत्तीवरून मागे येऊ नये, आल्यास अडचणी येऊ शकतात, अशी सूचना प्रकाशन-टिपणात दिलेली होती. ती मी वाचली नव्हती. स्क्रॅपबुकची पट्टी परत दिसली, पण बुकमार्कांपुढची चिन्हे गेली, काही संकेतस्थळांनी ब्राउझरमध्ये साठवलेली माहिती उघडेना आणि दुपारपर्यंत ब्राउझर तीनदा बंद पडला. ५५व्या आवृत्तीच्या आधी बाहेरच्या डिस्कवर घेतलेली प्रोफाइलची प्रत होती म्हणून निभावले. ती जुन्या आवृत्तीला दिली, नव्या आवृत्तीसाठी प्रोफाइल मॅनेजरमधून कोरे प्रोफाइल काढले आणि बुकमार्क त्यात आयात केले. पुढे मे २०१९ मधल्या ६७व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स प्रत्येक प्रतीला वेगळे प्रोफाइल देऊ लागला आणि जुन्या आवृत्तीत नवे प्रोफाइल उघडू पाहणाऱ्याला अडवू लागला. त्या नोव्हेंबरात तसे काही नव्हते आणि चूक सर्वस्वी माझी होती.

अशा रीतीने एका संगणकावर दोन फायरफॉक्स नांदू लागले. ईएसआर ५२ला सुरक्षा दुरुस्त्या अजून मिळत होत्या. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या दोषांची बातमी आली, तेव्हा ५७व्या आवृत्तीबरोबर ईएसआरलाही वेळेच्या मोजणीची अचूकता कमी करणारा उपाय मिळाला होता. त्यामुळे जुनी आवृत्ती वापरण्यात त्या काळात फार मोठा धोका नव्हता. पण तिचा आधार ५ सप्टेंबर २०१८ रोजी संपणार होता आणि निर्णय तोवर पुढे ढकलण्याची मुभा मी स्वतःला दिली.

त्या दहा महिन्यांत एक गोष्ट माझ्या नकळत घडली. रोजचे वाचन नव्या ब्राउझरमध्ये होत होते आणि पान साठवायचे म्हटले, की त्याचा पत्ता कॉपी करून जुन्या ब्राउझरमध्ये चिकटवावा लागे, कधी तिथे पुन्हा लॉगिन करावे लागे आणि मगच ते साठवता येई. काम अर्ध्या मिनिटाचे, पण त्या अर्ध्या मिनिटाचाच मला कंटाळा येऊ लागला. चौदा आकडी फोल्डर महिनावार मोजून पाहिले, तेव्हा पूर्वी महिन्याला तीस-चाळीस पाने साठवणाऱ्या माझ्या हातून २०१८च्या एप्रिलमध्ये पाच आणि मेमध्ये तीनच पाने साठवली गेल्याचे दिसले. स्क्रॅपबुक वाचवण्यासाठी मी दुसरा ब्राउझर ठेवला होता आणि त्याच व्यवस्थेमुळे स्क्रॅपबुक वापरणे सुटत चालले होते.

मधल्या काळात फायरफॉक्सपासून फुटून निघालेले ब्राउझरही मी पाहिले. पेल मून फार पूर्वीच वेगळ्या वाटेने गेला होता आणि माझी सगळी एक्स्टेन्शने त्याला मानवली नाहीत. ५६व्या आवृत्तीवर आधारलेला वॉटरफॉक्स मला मनापासून आवडला, कारण त्यात जुने सगळे जिथल्या तिथे होते आणि तीन आठवडे तोच माझा एकमेव ब्राउझर होता. तरीही मी तो सोडला. फायरफॉक्सच्या नव्या आवृत्तीत एखादे छिद्र बुजवले, की तो उपाय जुन्या सांगाड्यात बसवण्याचे काम अगदी मोजक्या माणसांना करावे लागणार होते आणि दर आवृत्तीगणिक ते अधिक अवघड होत जाणार, हे उघड दिसत होते. त्यांच्या कष्टांविषयी आदर असूनही ज्या ब्राउझरमधून मी पैशांचे व्यवहार करतो, तो त्यांच्या जागरणांवर सोपवण्याची माझी तयारी नव्हती.

आधार संपण्याच्या सुमारास मी दोन कामे केली, त्यांतले पहिले तरी वेळेवर झाले. प्रोफाइलमधल्या एक्स्टेन्शनांच्या फोल्डरातून एक्सपीआय फाइल्स उचलून वेगळ्या जागी ठेवल्या. एक्सपीआय म्हणजे प्रत्यक्षात झिप फाइलच असते, ती उघडून आतला कोडही पाहता येतो. ऑक्टोबर २०१८ पासून मोझिलाने आपल्या अधिकृत संग्रहातून जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शने काढायला घेतली, तेव्हा या शहाणपणाचा उपयोग झाला. दुसरे काम म्हणजे ईएसआर ५२चे जाळ्याशी असलेले नाते मी तोडले. तिची अपडेट सोय बंद केली, फायरवॉलमध्ये तिला मज्जाव केला आणि ती केवळ संग्रह वाचण्यापुरती ठेवली. आता ती गोठवलेली आहे, तिला कोणी हात लावणार नाही, ती जशी आहे तशी दहा वर्षे राहील, अशी माझी समजूत झाली.

ती समजूत आठ महिने टिकली. ४ मे २०१९ रोजी एक्स्टेन्शनांवरच्या डिजिटल स्वाक्षऱ्या पडताळण्यासाठी लागणाऱ्या एका मधल्या प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरातल्या फायरफॉक्समधली एक्स्टेन्शने एकाएकी बंद पडली. नव्या ब्राउझरमध्ये हे घडले, याची मला फारशी काळजी वाटली नाही, कारण काही तासांतच दुरुस्ती येऊ लागली होती आणि लवकरच ६६.०.४ ही आवृत्तीही आली. पण त्याच संध्याकाळी मी जुना फायरफॉक्स उघडला, आणि त्यातही स्क्रॅपबुक बंद! ज्या प्रोग्रॅमला इतक्या महिन्यांत जाळ्याचा वाराही लागला नव्हता, तो बिघडला कसा? उत्तर शोधायला अर्धा तास लागला. ब्राउझर दिवसातून एकदा स्वाक्षरी तपासतो आणि प्रमाणपत्राची मुदत संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. त्यासाठी जाळ्याची गरज नसते. बाहेरून कोणी काही केले नव्हते, फक्त तारीख पुढे सरकली होती. ईएसआरमध्ये स्वाक्षरीची सक्ती काढून टाकण्याची सेटिंग असते, साध्या आवृत्तीत ती चालत नाही. ती सेटिंग मी ‘अबाउट:कॉन्फिग’ या अंतर्गत सेटिंग्जच्या पानावर जाऊन बदलली आणि स्क्रॅपबुक पुन्हा उभे राहिले. स्वाक्षरी न तपासणारा ब्राउझर जाळ्यावर नेणे हा वेडेपणा ठरला असता, पण माझा तर जाळ्यावर जाणारच नव्हता.

या प्रसंगाने मला जुन्या प्रोग्रॅमकडे निराळ्या नजरेने पाहायला लावले. तो तारखेवर अवलंबून आहे, हे मला माहीत नव्हते, मग तो आणखी कशाकशावर अवलंबून असेल? ऑपरेटिंग सिस्टीम बदलली तर? नवा संगणक घेतला तर? आणि मुळात मला तो नेमका कशासाठी हवा आहे? ‘स्क्रॅपबुकसाठी’ हे उत्तर मी दीड वर्ष स्वतःला देत आलो होतो, पण त्यात तीन गोष्टी एकत्र कोंबलेल्या होत्या: जुनी पाने शोधून वाचणे, नवी पाने साठवणे आणि पानांवर खुणा करणे. साठवणे जवळजवळ थांबलेच होते. खुणा वर्षभरात केल्या नव्हत्या. उरले ते वाचणे, आणि पाने तर कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडत होती. म्हणजे मी अख्खा ब्राउझर सांभाळत होतो तो एका आरडीएफ फाइलसाठी.

संग्रहच सोडून द्यावा का, हाही विचार मी केला. त्याचा निकाल लावण्यासाठी एका रविवारी निरनिराळ्या वर्षांतल्या पन्नास नोंदी निवडल्या आणि त्यांचे मूळ पत्ते एकेक करून उघडून पाहिले. एकोणीस पाने पूर्वीच्याच जागी होती, आठ दुसऱ्या पत्त्यावर सापडली आणि बाकीची तेवीस कुठेच नव्हती. लोकांना स्वतःची पाने फुकट मांडू देणारे जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाले, तिथली चार पाने त्यांत होती. त्यांपैकी एक छपाईच्या जुन्या खिळ्यांविषयीचे होते. कोणा हौशी माणसाने ते मोठ्या निगुतीने रचले होते आणि पार्श्वभूमीवर विटांचे चित्र असल्यामुळे वाचायला कमालीचे त्रासदायक होते. संग्रह टाकून देण्याचा विचार त्या विटांपाशी संपला.

राहिला मार्ग संग्रह नव्या स्वरूपात नेण्याचा. वेबस्क्रॅपबुक हे स्क्रॅपबुकच्या परंपरेतलेच एक्स्टेन्शन नव्या पद्धतीने लिहिलेले आहे, पण नव्या पद्धतीच्या मर्यादा त्यालाही चुकलेल्या नाहीत. वेबएक्स्टेन्शनला डिस्कवर हवे तिथे लिहिता येत नाही, त्याची धाव डाउनलोडच्या फोल्डरपर्यंत. म्हणून पूर्वीसारखा मांडलेला संग्रह हवा असेल, तर पायथनमध्ये लिहिलेला एक मदतनीस प्रोग्रॅम आपल्याच संगणकावर सर्व्हरसारखा चालू ठेवावा लागतो आणि एक्स्टेन्शन त्याच्याशी बोलून पाने साठवते. पूर्वी एका टिचकीत होणाऱ्या कामासाठी हा एवढा खटाटोप करावा लागणे मला सुरुवातीला अपमानास्पदच वाटले होते. मात्र या मदतनिसाकडे जुन्या स्क्रॅपबुकचा संग्रह नव्या रचनेत बदलणारी एक आज्ञा आहे आणि अखेर तिनेच काम केले.

मूळ फोल्डरची प्रत काढून मी त्या प्रतीवरच आज्ञा चालवली, कारण नोव्हेंबर २०१७चा धडा अजून ताजा होता. काळ्या खिडकीतून नोंदींची नावे सरसर वर सरकत राहिली आणि मी समोर बसून ती वाचत राहिलो. तसे करण्याची काही गरज नव्हती. संपल्यावर मोजदाद केली, तेव्हा ४,२८९ नोंदी आल्या होत्या आणि तेवीस आल्या नव्हत्या. त्या तेविसांची नावे आरडीएफमध्ये होती, पण त्यांचे फोल्डरच नव्हते. जुन्या फायरफॉक्समध्ये पाहिले तर तिथेही त्या नोंदी उघडेनात. २०११ साली डिस्क बदलताना कधीतरी मीच त्या गमावल्या होत्या आणि इतकी वर्षे मला पत्ताही नव्हता. विषयांची उतरंड जशीच्या तशी आली, रंगवलेल्या ओळी आल्या, शोधही चालू लागला. चिकटवलेल्या टिपांपैकी काही नव्या रूपात सरळ बसल्या, तर काही पानांवर त्या मजकुरावर स्वार झालेल्या दिसतात.

अलीकडे क्रोमवरही हीच वेळ आली. एका ग्राहकाचे काम त्याच ब्राउझरवर चालते म्हणून मी तो वापरतो. तिथे मॅनिफेस्ट व्ही २ या जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शने जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने बंद होत गेली आणि १३९व्या आवृत्तीत त्यांचा आधार पूर्णपणे गेला. एक्स्टेन्शनने प्रत्येक विनंती स्वतः पाहून अडवण्याऐवजी आधीच नियमांची यादी ब्राउझरला देऊन ठेवावी, असा तिथला बदल आहे आणि जाहिराती रोखणाऱ्या एक्स्टेन्शनांना त्याचा फटका बसला. जुनी आवृत्ती धरून ठेवण्याचा विचार या वेळी माझ्या मनात आला नाही. माझे तिथे काही साठवलेले नव्हते, म्हणून जाहिराती रोखणाऱ्या यूब्लॉक ओरिजिनची ‘लाइट’ आवृत्ती घेतली आणि दहा मिनिटांत विषय मिटवला. फायरफॉक्सच्या बाबतीत मात्र १४ मार्च २०२५ ही तारीख मी आधीच लिहून ठेवली होती. त्या दिवशी मोझिलाच्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपणार होती आणि १२८व्या किंवा ईएसआर ११५.१३ या आवृत्तीपर्यंत न आलेल्या फायरफॉक्समध्ये एक्स्टेन्शने बंद पडू शकतात, असा इशारा वेळेत दिला गेला होता. माझा रोजचा ब्राउझर केव्हाच पुढे गेलेला होता.

जुना ईएसआर ५२ मी काढून टाकलेला नाही. तो आता एका आभासी यंत्रात, म्हणजे संगणकाच्या आत प्रोग्रॅमने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात, आहे, त्या यंत्राला जाळ्याची जोडणीच दिलेली नाही आणि गेल्या दोन वर्षांत मी तो एकदाच उघडला. खिळ्यांविषयीच्या त्या पानावर २००८ साली मी एक टीप चिकटवली होती आणि नव्या संग्रहात ती नेमकी विटांच्या चित्रावर गेल्यामुळे अक्षरे लागत नव्हती. जुन्यात ती स्पष्ट दिसली. ‘हे पुन्हा तपासणे’, एवढेच तिच्यात लिहिलेले होते.